लग्नाआधीची शिकवणी

गोव्यातील कॅथलिक समाजात लग्न ठरले की वधूवरांना आधी विगाराची गाठ घ्यावी लागते, नोंदणी कचेरीची पायरी चढावी लागते आणि चर्चच्या विवाहपूर्व वर्गालाही हजर राहावे लागते. संसार म्हणजे काय, पैसा कसा वापरावा, मतभेद कसे मिटवावेत, अपत्यांची जबाबदारी कोणती, याचे चार शब्द तेथे सांगितले जातात. आपल्या हिंदू वाचकांना हा शेजाऱ्याच्या घरचा विषय वाटेल. परंतु त्यात आपणही घेण्यासारखे बरेच आहे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली कुटुंबविषयक पत्रकात या तयारीचे तीन टप्पे सांगितले : बालपणीचे घरचे संस्कार, तारुण्यातील शिक्षण आणि लग्नाच्या तोंडावरची तयारी. १९८३ च्या धर्मसंहितेने ही जबाबदारी धर्मगुरूंवर आणि साऱ्या धर्मसमुदायावर टाकली. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली आणखी एका दुखण्यावर बोट ठेवले. निमंत्रणे, पोशाख आणि मेजवानी यांतच जोडप्यांची शक्ती व पैसा संपतो. खर्चाच्या धास्तीने काही जोडपी विवाहाच्या वाटेलाच जात नाहीत, असे त्यांनी लिहिले.

हे दुखणे आमच्या खेड्यांना अपरिचित नाही. सासष्टीच्या किनाऱ्यावरील रांपणकार, माडावर चढणारा रेंदेर किंवा केप्या-सांग्याकडील मजूर यांच्या घरचे लग्नही रोस, चुडो, साडो आणि भिकाऱ्यांचे जेवण यांवाचून होत नाही. या चालीरीती जिव्हाळ्याच्या आहेत, त्या टिकाव्यात. पण बँडबाजा, हॉल आणि मद्य यांसाठी काढलेले कर्ज नव्या संसाराच्या उंबरठ्यावर सावकारासारखे बसते. ज्या वर्गात प्रेमावर प्रवचन होते पण या कर्जाचा हिशेब मांडला जात नाही, तो वर्ग गरिबाच्या काय उपयोगाचा?

दुसरी अडचण वेळेची. रोजंदारीवर जगणाऱ्याला वर्गाचा एक दिवस म्हणजे एक दिवसाची बुडालेली मजुरी. तारवटी अगर आखाती देशात नोकरीला असलेला नवरा मुलगा मोजक्या रजेवर येतो आणि लग्न उरकून परततो. मागे राहते ती पत्नी. विरहात घर कसे चालवावे, पाठविलेल्या पैशावर कोणाचा अधिकार, दारूला आवर कोणी घालावा, हे प्रश्न शहरी, सुशिक्षित जोडप्यांसाठी बेतलेल्या व्याख्यानांत सुटत नाहीत. म्हणून असे वर्ग फिर्गजेत, सायंकाळी, गावच्या कोकणीत आणि शक्य तो विनामूल्य व्हावेत. त्यात पाद्रीबाबांच्या जोडीला डॉक्टर, वकील आणि संसारात मुरलेली गावातीलच जोडपी असावीत. केवळ दाखला मिळविण्यापुरती हजेरी लागली, तर सारा खटाटोप फुकट.

कायद्याचे ज्ञान तर सर्वांनाच हवे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशाने गोव्यात, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर, पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते. हा करार लग्नानंतर करता येत नाही. गरिबाघरच्या मुलीला हा हक्क ठाऊक असेल तर पुढे घराबाहेर काढले जाण्याच्या प्रसंगी ती निराधार ठरणार नाही. हक्क कागदावर आहे. तो तिच्या कानावर कधी पडतो, हा खरा प्रश्न आहे.

आता आपल्याकडे वळू. साखरपुडा, याद्या, देवक, हळद, सीमांतपूजन यांची तयारी आपण महिनोन्महिने करतो. त्यात लग्नाची तयारी असते, संसाराची नसते. नोंदणी कचेरीतील पहिल्या सहीलाच लग्न समजून दुसऱ्या सहीकडे दुर्लक्ष करणारी आणि पुढे कज्जा उद्भवल्यावर हतबल होणारी कुटुंबे आपल्यातच आहेत. राज्य सरकारने २०२१ साली विवाहपूर्व समुपदेशन सक्तीचे करण्याचा मनोदय जाहीर केला होता. सक्तीने माणसे खुर्चीवर बसविता येतात, त्यांचे मन बसविता येत नाही, हे खरे. तरीही देवस्थानांच्या समित्या, महिला मंडळे आणि ग्रामपंचायती यांनी आपण होऊन असे वर्ग सुरू करण्यास कोणाची आडकाठी आहे? देवळाचा मंडप उत्सवाखेरीज वर्षभर रिकामाच असतो.

चर्चच्या वर्गांत उणिवा आहेत, त्या दूर झाल्या पाहिजेत. परंतु दोन तरुण जीवांना लग्नापूर्वी समोरासमोर बसवून विचार करावयास लावणारी एक व्यवस्था त्या समाजाने उभी केली आहे. उणिवा मोजण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच पोहोचेल, जेव्हा आपल्या मुलामुलींसाठी आपण तेवढी तरी व्यवस्था करू.