कोयत्याचे मत

दिवाळी सरली, की सोनईच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची वर्दळ सुरू होते. नेवासे तालुक्यातील या गावी मुळा सहकारी साखर कारखाना आहे. गाळपाचा हंगाम जवळ आला, म्हणजे बीड जिल्ह्यातून आणि आपल्याच जिल्ह्यातील पाथर्डीसारख्या कोरडवाहू भागातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या अशा कारखान्यांकडे निघतात. मोकळ्या रानात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटेच्या थंडीत नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि दोघे मिळून गाडी भरतात. मजुरीच्या हिशेबात या जोडीला एकच नाव आहे, ‘कोयता’. माणसे दोन, पण कोयता एक!

मतदारयादीचा हिशेब मात्र निराळा आहे. तेथे नवऱ्याचे एक मत आणि बायकोचे एक मत, अशी दोन मते असतात. कारखान्याच्या अध्यक्षाचे मत जेवढे मोलाचे, तेवढेच त्या मोळी बांधणाऱ्या बाईचे. आपल्या राज्यघटनेने दिलेली ही फार मोठी देणगी आहे. परंतु ज्या दिवशी मतदान असते, त्या दिवशी ही बाई कोठे असते, याचा विचार आपण करतो काय?

२० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेचे मतदान झाले, ते ऊसतोडीच्या हंगामाच्या तोंडावरच. ऊसतोड मजुराचे नाव त्याच्या मूळ गावच्या यादीत असते. हे बरोबरच आहे, कारण चारसहा महिने पोटासाठी बाहेर गेल्याने माणसाचे गाव सुटत नाही आणि एका माणसाचे नाव दोन ठिकाणी ठेवता येत नाही. पण मत द्यायचे, तर गावी गेलेच पाहिजे. जाण्यायेण्याचे भाडे खिशातून द्यावे लागते. मजुरी मिळते ती तोडलेल्या उसाच्या टनावर; म्हणून मतदानाच्या दिवशी कामगारांना पगारी सुटी द्यावी असा कायदा असला, तरी कोयता थांबला की मजुरीही थांबते. शिवाय मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली उचल फेडायची असते. मग पुष्कळांचे मत गावीच पडून राहते. एखाद्या उमेदवाराने गाडी पाठवून त्यांना नेले, तर तोही मार्ग योग्य नव्हे. मतदारांना केंद्रावर नेण्यासाठी उमेदवाराने वाहन भाड्याने घेणे, हा आपल्या कायद्याने भ्रष्टाचार ठरविला आहे. ज्याच्या गाडीत बसून जावे, त्याचे ओझे मनावर राहतेच.

कोणी म्हणेल, “देशात कोट्यवधी मतदार, चार मजुरांची मते राहिली, तर काय बिघडले?” या प्रश्नाचे उत्तर आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीने दिलेले आहे. १९५१-५२ साली ती निवडणूक झाली, तेव्हा सुकुमार सेन हे मुख्य निवडणूक आयुक्त होते. मतदारांपैकी बहुतेकांना लिहितावाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराला चिन्ह दिले आणि प्रत्येकाची पेटी वेगळी ठेवली. मतदार निरक्षर आहेत, तेव्हा त्यांना वगळा, असे कोणी ठरविले नाही. मतदाराला जे अवघड, ते सोपे करणे हे निवडणूक घेणाऱ्याचे काम आहे, हा धडा तेथेच घालून दिला गेला. त्याच वेळी एक दुःखाची गोष्टही घडली. अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’ किंवा ‘अमक्याची आई’ एवढेच सांगितले. अशी सुमारे २८ लाख नावे यादीतून गळाली. जिला नाव नाही, तिला मत नाही. आज नाव आहे, पण गावी जाण्याची सोय नाही, म्हणून मत नाही. दोन्ही गोष्टींत फरक तो किती?

ही सोय करणे अशक्य आहे, असे नाही. सीमेवर पहारा देणारा सैनिक टपालाने मत देतो. काश्मीर खोऱ्यातून विस्थापित झालेल्या लोकांसाठी जम्मू आणि दिल्ली येथे खास केंद्रे उघडली जातात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील वृद्धांना घरबसल्या मत देण्याची सवलत मिळाली. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये एक नवे यंत्रही पुढे मांडले. एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांपर्यंतच्या लोकांना आपापल्या उमेदवाराला मत देता यावे, अशी त्याची योजना होती. राजकीय पक्षांनी त्यावर अनेक शंका घेतल्या आणि २०२४ च्या निवडणुकीत ते वापरले गेले नाही.

त्या शंका हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. दूरच्या केंद्रावर उमेदवाराचा प्रतिनिधी हजर कसा राहणार? मजुरावर मुकादमाचा दाब पडला तर? सोनईजवळच शनिशिंगणापूर आहे. तेथील परंपरा अशी, की घरांना दारे नसतात आणि कुलपेही नसतात. परंतु त्या गावातसुद्धा मतदान संपले, की यंत्रे मोहोरबंद होतात, आणि ते योग्यच आहे. स्वतःच्या घरापुरता विश्वास ठेवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. मत ही तर सर्वांची ठेव आहे. म्हणूनच मतदानापूर्वी प्रतिनिधींसमोर चाचणीची मते देऊन यंत्र तपासतात आणि दिलेल्या मताची चिठ्ठी मतदाराला सात सेकंद दाखवितात.

तेव्हा सोय आणि बंदोबस्त ही दोन्ही हवीत. ऊसतोड मजुरांचे केंद्र कारखान्याच्या आवारात नको, मुकादमाच्या नजरेखाली नको. ते सरकारी शाळेत असावे. तेथे सरकारी अधिकारी असावेत आणि सर्व पक्षांचे प्रतिनिधी असावेत. मत गुप्त राहील, याची खात्री सर्वांत आधी व्हावी. जोवर असे केंद्र होत नाही, तोवर निदान मतदानाचा दिवस ठरविताना हंगामाकडे पाहावे आणि मजुरांना मजुरीसह गावी जाऊन येण्याची मोकळीक द्यावी.

मुलांनो, तुमच्या वर्गातही कदाचित एखादा मुलगा हंगामापुरता आला असेल. मार्चएप्रिलमध्ये तो निघून जाईल. त्याचे आईवडील तोडतात, त्या उसाची साखर तुमच्या आमच्या घरी येते. तुम्ही अठरा वर्षांचे व्हाल, तेव्हा यादीत आपले नाव आहे की नाही, हे अवश्य पाहा. पण तेवढ्यावर थांबू नका. त्या मुलाचे नावही यादीत आहे काय आणि मतदानाच्या दिवशी त्याला मत देता येईल काय, हेही विचारा. आपल्याला मत मिळाले, एवढ्याने लोकशाही पुरी होत नाही. शेजारच्या कोपीतल्या माणसालाही ते देता आले पाहिजे.