मावशींचा विमा म्हणजे दानधर्म नव्हे



दशलक्षण पर्व जवळ आले की आपल्या घरोघरी साफसफाई निघते. डबे उतरतात, धान्य निवडले जाते, माळ्यावरची जळमटे निघतात. जळमटे काढतानाही आपण सांगतो, "मावशी, जरा हळू, कोळी मरायला नको." चांगलेच आहे ते. पण हे सांगताना मावशी कुठे उभ्या असतात, तेही एकदा बघा. टेबलावर स्टूल आणि त्या स्टुलावर मावशी. नाहीतर आठव्या मजल्याच्या खिडकीबाहेर, एक हात ग्रिलला आणि दुसऱ्या हातात ओले फडके. कोळ्याची एवढी काळजी घेणाऱ्या घराने त्या पडल्या तर काय, याचा विचार केला आहे का?

"बघू की! आपण काय टाकून देतो का त्यांना?" हे उत्तर मी इतक्या घरांत ऐकले आहे की आज त्याच्याच विरोधात लिहायचे ठरवले.

आधी धर्माचे बोलू. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. अतिभारारोपण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बैलगाडी येते. आता बैल राहिले नाहीत म्हणून तो अतिचारही संपला, असे आपण धरून चालतो. पण ज्याचे पोट आपल्या कामावर आहे, त्याच्यावर त्याला न पेलणारा भार टाकू नये, हा त्याचा गाभा आहे. पडण्याचा, भाजण्याचा, हात मोडण्याचा सगळा धोका महिन्याला अडीच हजार घेणाऱ्या बाईच्या खांद्यावर ठेवणे हा भार नाही तर काय? शिवाय तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडली आहे. मारायचा हेतू नव्हता एवढे म्हणून श्रावक सुटत नाही. धोका दिसत असताना बेफिकीर राहिलो, हाच प्रमाद.

यावर कोणी म्हणते, "ज्याचे त्याचे कर्म." मैत्रिणींनो, कर्मसिद्धांत स्वतःचे परिणाम तपासण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या मोडलेल्या हाताकडे बोट दाखवून आपला खिसा मिटण्यासाठी तो कोणी सांगितलेला नाही.

दुसरी म्हणते, "आम्ही वेळेला मदत करतोच." करतही असाल. पण मदत तुमच्या मर्जीची असते. एक घर पाच हजार देते, दुसरे पाचशे आणि तिसरे दुसऱ्या दिवशी नवी बाई ठेवते. दान म्हणजे आपले असलेले दुसऱ्याला देणे. कामात झालेल्या इजेची भरपाई हे देणे आहे, आणि देणे बुडवून दान करण्यात कसले पुण्य?

आता हिशोब. कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची, हे तत्त्व आपल्या देशात 1923 च्या कायद्यापासून आहे. नोव्हेंबर 2025 पासून ते सामाजिक सुरक्षा संहितेत गेले आहे. त्याचे गणित बघा. चाळीस वर्षांच्या, महिना 10,000 मिळवणाऱ्या कामगाराचा कामावर मृत्यू झाला, तर पगाराचा निम्मा भाग गुणिले 184.17, म्हणजे 9,20,850 रुपये कुटुंबाला मिळतात. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर पगाराच्या साठ टक्क्यांवर तोच हिशोब होतो आणि रक्कम अकरा लाखांच्या वर जाते. हे कारखान्यातल्या कामगाराचे झाले. आपल्या मावशीही चार घरी अडीच-अडीच हजार करून तेवढेच मिळवतात. पण चार घरांपैकी मालक कोण? कोणीच नाही. म्हणून त्यांच्या हातात शून्य. कायदा आपल्या उंबरठ्यावर थबकतो म्हणून आपले कर्तव्यही तिथेच थबकते का? रात्रिभोजन करू नये असा तरी कुठे सरकारी कायदा आहे?

करायचे काय, तेही सांगते.

पहिले, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला 20 रुपये. वय 18 ते 70 आणि बँकेत खाते, एवढे पुरे. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला 1 लाख. चार घरांनी वाटून घेतले तर प्रत्येकी पाच रुपये! पण हा फॉर्म भरला आणि सुटलो, असे समजू नका. मनगट मोडले, पाठ धरली, तर या योजनेतून काही मिळत नाही, आणि घरकामात जास्त करून होते ते हेच. म्हणून दवाखान्याचा खर्चही धरणारा अपघात विमा शोधा. पोस्टाच्या बँकेत वर्षाला काही शे रुपयांत असे विमे मिळतात. हप्ता आपण भरायचा, पगारातून कापायचा नाही.

दुसरे, तुमच्या घराच्या विम्याचे कागद काढा. घरासाठीच्या पॅकेज पॉलिसीत घरकामगारांच्या इजेची जबाबदारी घेणारा भागही अनेकदा असतो किंवा वेगळा घेता येतो. आपण दागिने आणि टीव्ही लिहून देतो, हा रकाना मात्र रिकामा सोडतो. एजंटला फोन करून विचारा.

तिसरे, इजेनंतरच्या सुट्टीचा पूर्ण पगार. यासाठी कोणतीच विमा कंपनी लागत नाही.

चौथे, मावशींची नोंदणी. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 पासून आहे आणि केंद्राचे ई-श्रम कार्डही आहे. कागद जमवायला आपल्या मुलांना त्यांच्याबरोबर पाठवा.

आणि पर्वाआधी किंवा दिवाळीआधी मशीन घेऊन येणाऱ्या सफाई कंपन्या? तिथे मालक कोण हा प्रश्नच नाही. पगार देतो तो मालक. दहा किंवा जास्त माणसे असतील तर पात्र कामगारांना ईएसआय लागू होते. त्याहून लहान धंद्यावरही इजेच्या भरपाईची जबाबदारी येते. तिची पॉलिसी काढली असेल तर पैसे विमा कंपनी देते. नसेल तर मालकाने खिशातून द्यायचे, आणि त्याच्याकडे नसतील तर त्या पोराच्या घरी काहीच पोचत नाही. म्हणून बुकिंग करताना बाथरूमचे किती आणि किचनचे किती, याच्याबरोबर एवढेही विचारा: "तुमच्या माणसांचा कामावरच्या अपघाताचा विमा आहे का? पॉलिसीची प्रत पाठवा." टाळाटाळ केली तर काम देऊ नका. स्वस्त पडते म्हणून आपण जी कंपनी निवडतो, ती बहुतेक वेळा याच ठिकाणी स्वस्त झालेली असते.

विमा काढला म्हणजे खिडकीबाहेर उभे करायची परवानगी मिळाली, असेही नाही. बाहेरची काच लांब दांड्याच्या पुसणीने जेवढी निघेल तेवढी काढा, उरलेली मळकी राहू द्या. बाथरूममध्ये ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र वापरायला देऊ नका, त्यातून विषारी वायू निघतो. माळा काढताना शिडी धरायला घरातले कोणीतरी उभे राहा.

पर्व संपले की क्षमावाणीला आपण सगळ्या जीवांची क्षमा मागतो. कामाच्या बाईला "उत्तम क्षमा" म्हणून मिठाईचा डबा देतो. यंदा पर्वाची साफसफाई सुरू व्हायच्या आधीच महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्या. मंदिरात येणाऱ्या प्रत्येक घराने आपल्या मावशींचा विमा काढला आहे का, याची यादी करा. मंदिर झाडणाऱ्या बाईचे नाव त्या यादीत पहिले असू द्या.