लेसर हा दिवा नव्हे

संगीताच्या मोठ्या जलशांची प्रकाशयोजना करणाऱ्या मंडळींत अलीकडे असे मत रूढ होत चालले आहे की, लेसर हा रंगमंचावरील अनेक दिव्यांपैकीच एक दिवा होय. इतर दिव्यांबरोबर त्यासही एकाच नियंत्रणफलकास जोडून दिले की काम झाले. हे मत आम्हांस अमान्य आहे.

प्रतिपक्षाच्या म्हणण्यात जे ग्राह्य आहे, ते प्रथम मान्य करू. दिवे एकाच्या हाती आणि लेसर दुसऱ्याच्या हाती असला म्हणजे समेवर दोघांची गाठ पडत नाही. तबलजीने गायकाची लय सोडून वाजवावे, तसा तो प्रकार होतो. तेव्हा कलेच्या दृष्टीने जोडणी इष्टच आहे. प्रश्न आहे तो हा की, जोडावयाचे काय आणि निराळे ठेवावयाचे काय?

दिव्यांना आज्ञा देणारी डीएमएक्स ५१२ ही पद्धती १९८६ साली अमेरिकेत ठरली. तीत एका तारेवरून ५१२ आज्ञा जातात व प्रत्येकीचे मूल्य ० ते २५५ असते. मात्र आज्ञा बरोबर पोहोचली की नाही, हे तपासण्याची सक्तीची सोय तीत नाही. म्हणूनच जेथे जीवितास अपाय संभवतो तेथे तिच्यावर विसंबू नये, असा इशारा खुद्द त्या मानकातच दिलेला आहे. आज्ञा तुटल्यास शेवटची स्थिती धरून ठेवणे हा दिव्याचा गुण. कारण रंगमंच एकाएकी काळोखात बुडत नाही. लेसरच्या ठिकाणी तोच गुण घातक ठरतो.

याचे कारण उघड आहे. दिव्याचा प्रकाश अंतराबरोबर पसरून क्षीण होतो. लेसरचा किरण फारच थोडा पसरतो, आणि डोळ्यातील भिंग त्यास दृष्टिपटलावरील एका बिंदूत गोळा करते. ५०० मिलिवॉटच्या वरचा लेसर सर्वांत धोक्याच्या चौथ्या वर्गात मोडतो, आणि जलशातील यंत्रे कित्येक वॉटची असतात. पापणी मिटण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्यात इजा होऊन चुकते. आकृती रेखाटणारे आरसे हलत असतात तोवर ही शक्ती विखुरलेली राहते. आरसा अडकला की ती सारी एका ठिकाणी येते.

जुलै २००८ मध्ये रशियातील किर्झाच गावाजवळच्या उत्सवात सुमारे ३० जणांच्या दृष्टीस इजा पोहोचली. पावसामुळे तंबू उभारल्याने आकाशाकडे जावयाचे किरण प्रेक्षकांवर वळले, असे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मिरवणुकांतील अशा किरणांस पुणे पोलिसांना २०२४ साली मनाई करावी लागली. अविचाराने वापरलेल्या साधनाचा शेवट सरसकट बंदीत होतो, हा त्यातील बोध जलसेवाल्यांनी घेण्यासारखा आहे.

आमची मागणी एवढीच: कोणत्या क्षणी कोणती आकृती उमटावी, ही आज्ञा खुशाल नियंत्रणफलकाने द्यावी, परंतु किरण बाहेर पडू देण्याची परवानगी त्याच्याकडे नसावी. ती प्रेक्षकांवर नजर ठेवणाऱ्या निराळ्या माणसाच्या हाती, निराळ्या तारेवर असावी. आज्ञा तुटताच अथवा आरसा थांबताच किरण आपोआप विझावा. अमेरिकेत देखरेख करणारा माणूस हजर असतानाही किरण प्रेक्षकांच्या उभे राहण्याच्या जागेपासून ३ मीटर वर व बाजूने २.५ मीटर दूर ठेवावा लागतो. तोच दंडक येथे पाळावा.

याने खर्च वाढेल व रंग फिका पडेल, असे म्हणणारांस आमचे एकच उत्तर आहे. क्षणभर लेसर विझला तर गाणे थांबत नाही. पण श्रोत्याचा डोळा गेला, तर त्यास तो परत देण्याची कळ कोणत्याही फलकावर नाही.