दोन वांगणी आणि एक रोहिणी

वांगणी म्हटले की मुंबई-ठाण्यातील आकाशप्रेमींना कर्जत मार्गावरील रेल्वे स्थानक आठवते. खगोल मंडळाच्या कार्यकर्त्यांनी तेथे रात्र-रात्र जागून असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांना तारे दाखविले. दुसरी वांगणी जव्हार तालुक्यात आहे. वावर-वांगणी या जोडनावाने ती महाराष्ट्राला ठाऊक झाली ती १९९२ साली, कुपोषणाने दगावलेल्या वनवासी बालकांमुळे. तिच्या आकाशाकडे पाहण्याची उसंत कोणाला होती?

मार्गशीर्ष-पौषातील रात्री मृगाच्या पोटातील तीन ताऱ्यांची रेघ कृत्तिकांच्या दिशेने वाढविली, की वाटेत तांबूस तेजाचा एक तारा भेटतो. हीच रोहिणी. नावाचा अर्थच तांबडी. पोटातील हायड्रोजन संपल्यावर फुगून सूर्याच्या सुमारे ४४ पट व्यासाचा झालेला हा वृद्ध, राक्षसी तारा आहे. पृष्ठभाग सूर्याहून थंड, म्हणून रंग नारिंगी. आकार अवाढव्य, म्हणून तेज मात्र सूर्याच्या सुमारे चारशे पट. आपला सूर्यही सुमारे पाचशे कोटी वर्षांनी याच अवस्थेला पोहोचेल.

घरोघरी रोहिणी आहे ती पंचांगात, गोकुळाष्टमीच्या कथेत, लेकीबाळींच्या नावांत. भारताने १९८० साली स्वतःच्या अग्निबाणाने सोडलेल्या पहिल्या उपग्रहालाही हेच नाव दिले. प्रत्यक्ष तारा ओळखणारा मात्र विरळा. जव्हार-मोखाड्याचा शेतकरी मे महिन्याच्या अखेरीस रोहिणी लागली म्हणून भाताच्या पेरणीकडे वळतो. त्या दिवसांत सूर्य रोहिणीजवळ असतो आणि त्याच्या तेजात ती दिसतच नाही! न दिसणाऱ्या ताऱ्यावरून पेरणीचा काळ ठरविण्यासाठी वर्षभर आकाश वाचावे लागते. या निरीक्षणपरंपरेला अंधश्रद्धा म्हणून हसणारे जितके उथळ, तितकेच 'आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' अशी फुशारकी मारून मान वर न करणारेही. मुरूडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास सिद्ध केला तो ग्रंथ पडताळून, गणिते मांडून, जयघोषाने नव्हे.

रोहिणी सुमारे ६५ प्रकाशवर्षे दूर आहे. आज डोळ्यांत शिरणारा तिचा किरण निघाला, त्या सुमारास, १९६० साली, महाराष्ट्र राज्य जन्माला आले. तो किरण पोहोचला; राज्याची आश्वासने वावर-वांगणीच्या वाटेवर किती रेंगाळली, याचा हिशेब १९९२ ने मांडलाच. पुढे २०१४ साली पालघर जिल्हा झाला आणि कचेऱ्या जवळ आल्या. दवाखान्यातील डॉक्टर आणि अंगणवाडीतील आहार जवळ आला की नाही, हे मात्र पाड्यावरील मातेलाच विचारावे लागेल.

म्हणून येथील काळोखाचे शहरी कौतुक जपूनच करावे. पाड्यावर वीज हवीच. अंधार हा काही वनवासींचा अलंकार नव्हे. पण शहरांनी केलेली चूक तेथे पुन्हा कशाला? दिव्याला वरून झाकण घालून प्रकाश खाली, वाटेवर पाडला, तर आकाशही राहते आणि विजेचाही अपव्यय टळतो. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ती दिव्यांना अशी शिस्त लावूनच.

वनवासी भागात सेवाकार्यासाठी जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी येत्या हिवाळ्यात एक रात्र आश्रमशाळेच्या अंगणात मुलांसोबत काढावी. आजोबा जिच्या नावाने पेरणी करतात ती रोहिणी नातवाला दाखवावी, आणि पेरणीच्या दिवसांत ती कोठे जाते, हे त्याच्याकडूनच शोधवून घ्यावे. त्यासाठी दुर्बीणही लागत नाही.