कंपायलरची बाजू

खरं बोलणाऱ्याचं आपल्याकडे जे होतं, तेच कंपायलरचं होतं. सगळे त्याला शिव्या देतात. आयुष्याची उमेदीची वर्षं मी त्याच्या सहवासात काढली असल्यामुळे आज त्याचं वकीलपत्र घेत आहे. फी नाही.

ज्यांचा या प्राण्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत करून देणारा तो दुभाषी. पण दुभाषी होण्याआधी तो शुद्धलेखनाच्या मास्तरांसारखा आपली वही तपासतो आणि चुका असल्या तर वही परत फेकतो. आमचं यंत्र होतं आयबीएमचं एएस/४००. 1988 साली बाजारात आलेलं आणि कचेऱ्यांचे पगार, बिलं, गोदामं सांभाळणारं. भाषा होती आरपीजी. हिचा जन्म 1959 चा, म्हणजे पंच कार्डांच्या काळातला. त्यामुळे सोवळं फार कडक. ओळ कोणत्या जातीची ते सहाव्या खान्यातच सांगायचं. सातव्या खान्यात चुकून फुली पडली की अख्खी ओळ 'शेरा' समजून बाजूला! आमच्या वेळी नावं सहा अक्षरांच्या आत बसवावी लागत. त्यामुळे आमचे प्रोग्रॅम मोटारींच्या नंबरप्लेटा रांगेत लावल्यासारखे दिसत. 2015 पासून या भाषेनं खान्यांचं बंधन पुरतं सोडलं म्हणतात. आमचे डोळे अधू झाल्यावर!

तर 1996 सालची गोष्ट. आमच्या ईडीपी खात्यात एक मुलगा नवीन लागला होता. सहा महिने उमेदवारी, मग कायम. त्याला पगारवाढीच्या थकबाकीचा प्रोग्रॅम दिला. पोरानं तो लिहिला, हिरव्या पडद्यावर चौदा नंबरचा पर्याय दाबला आणि प्रिंटर सुरू झाला. तो थांबेचना. दोन्ही कडांना भोकं असलेला कागद टेबलावरून जमिनीवर, जमिनीवरून साहेबांच्या बुटांपर्यंत पोहोचला.

साहेबांनी तो उचलला, शेवटचं पान काढलं आणि चष्मा वर करून म्हणाले, "दोनशे सत्तावीस चुका! अहो, याला घेतला कुणी?"

घेतला साहेबांनीच होता. पण ते सांगण्याची आमच्या खात्यात पद्धत नव्हती. "याच्या कायम होण्याचा विचार करावा लागेल," असं म्हणून साहेब चहाला गेले. पोराचा चेहरा त्या कागदापेक्षा पांढरा झाला.

मी तो कागद वरून वाचायला घेतला. एवढंच केलं, जास्त काही नाही. अगदी सुरुवातीला कंपायलरनं म्हटलं होतं की या नावाच्या फाइलचं वर्णन मला सापडत नाही. आणि पुढे 7030, 7030, 7030! म्हणजे 'हे नाव मला माहीत नाही', वजन 30. कर्मचाऱ्याचा नंबर माहीत नाही, मूळ पगार माहीत नाही, महागाई भत्ता माहीत नाही. कसा माहीत असणार? हे सगळे त्या फाइलच्या पोटातले! फाइलच मिळाली नाही तर तिची लेकरं कोण ओळखणार?

आणि फाइल का मिळाली नाही? हे यंत्र फाइल शोधताना तुमच्या नावानं नोंदवलेल्या लायब्ररींच्या यादीतच शोधतं. ज्या कपाटांच्या किल्ल्या शिपायाकडे आहेत तेवढीच कपाटं तो उघडतो, तसंच. पोराच्या यादीत पगाराची लायब्ररीच नव्हती. ती यादी बनवली आमच्या खात्यानं आणि सही साहेबांची. मी एका ओळीचा हुकूम देऊन लायब्ररी यादीत घातली आणि प्रोग्रॅम पुन्हा लावला. 227 ची झाली एक. ती मात्र पोराची स्वतःची होती. एका नावात 'ओ' ऐवजी शून्य पडलं होतं.

आता माझं भांडण ऐका. चुकांची संख्या बघून माणसाची किंमत करणारे जे लोक आहेत, त्यांच्याशी ते आहे. संख्येला वाचावं लागत नाही, म्हणून ती त्यांना आवडते. काही जण म्हणतात, दोष कंपायलरचाच, एकच रड सव्वादोनशे वेळा कशाला? कबूल. बोलण्याचं वळण त्याला नाहीच. पण तो खोटं बोलला का? मूळ दुखणं त्यानं सगळ्यात आधी सांगितलं होतं. वाचणाऱ्यानं शेवटचं पान काढलं, त्याला तो काय करील?

आणि संख्येच्या भक्तांना आणखी एक सांगतो. कंपायलर व्याकरण तपासतो, न्याय तपासत नाही. बेरजेला पाच आकड्यांची जागा ठेवा आणि बेरीज 1,02,340 होऊ द्या. आरपीजीची बेरीज डावीकडचा एक गुपचूप गाळते आणि उरतात 2,340. लाखाचा माणूस दोन हजारांवर! आणि कागदावर चुका किती? शून्य. अशा प्रोग्रॅमवर साहेब पाठ थोपटतात. पाठ कुणाची थोपटायची आणि पोट कुणाचं मारायचं, हे न वाचता ठरवणाऱ्याच्या हातात पगारपत्रक देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

साहेब चहाहून आल्यावर मी त्यांना सगळं दाखवलं. "मग हे आधी नाही का सांगायचं?" साहेब म्हणाले.

"कंपायलरनं सांगितलं होतं, साहेब. वरच्या पानावर."

पोरगा यथावकाश कायम झाला. साहेब मात्र पुढेही शेवटचंच पान वाचत राहिले.

परवा घरी सौभाग्यवतींनी माझ्या अठरा चुका एका दमात वाचून दाखवल्या. जुन्या सवयीनं मी म्हटलं, "थांब, पहिली कोणती?" पहिली होती, दळण आणलं नाही. पोळ्या नाहीत, डबा नाही, नातू उपाशी शाळेत गेला, अशा पुढच्या सोळा तिच्याच पोटी जन्मलेल्या. मी निमूटपणे डबा उचलला आणि गिरणीत जाऊन आलो.

सतरा गेल्या. अठरावी राहिलीच. ती माझी स्वतःची होती.