ऑईल कधी बदलायचं? आधी पुस्तिका उघडा!

आधीच सांगते, मी इंजिनियर वगैरे नाही. मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. पण नोकरीभर मुलांना एकच गोष्ट घसा कोरडा होईपर्यंत सांगितली, "गाइड बाजूला ठेवा, मूळ धडा वाचा." आज तेच मोटारीच्या इंजिन ऑईलबद्दल सांगायचंय. आणि खरं सांगू का, जरा रागानेच सांगायचंय.

ऑईल किती दिवसांनी बदलावं या प्रश्नावर आपल्याकडे दोन पंथ आहेत. पहिला पंथ पंचहजारी मनसबदारांचा. "दर पाच हजार किलोमीटरला बदलून टाकायचं, डोक्याला ताप नको!" आमचा नाशिकचा भाचा या पंथाचा. दुसरा पंथ 'चालतंय की'वाल्यांचा. "वर्षात दोन हजार किलोमीटर होत नाहीत, कशाला बदलायचं? तेल काय नासतंय?" या पंथात आमच्या वयाची पेन्शनर मंडळी जास्त. दोन्ही पंथ एकमेकांना खुळे समजतात. माझं म्हणणं असं की दोघांचीही गोची एकच आहे. गाडीबरोबर आलेली पुस्तिका दोघांनीही उघडलेली नाही. ती बिचारी डॅशबोर्डच्या कप्प्यात, पीयूसीच्या जुन्या कागदांखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीतून अजून बाहेरच आलेली नसते.

हा 'लवकर बदला' नियम काही मूर्खपणातून आलेला नाही, हेही कबूल करायला हवं. फियाट आणि ॲम्बॅसेडरच्या जमान्यात कार्ब्युरेटरची इंजिनं होती. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरायचं. तेलही साधं, जाड, खनिज. ते लवकर बदलणं शहाणपणाचंच होतं. पण १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पुढे कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं. इंजिनं बदलली, इंधन बदललं, तेलं बदलली. बदलला नाही तो फक्त आपला आकडा! आज बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, 'दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते.' या एका ओळीत दोन्ही पंथांचा निकाल लागतो. पहिल्या पंथाला 'दहा हजार' दिसत नाही आणि दुसऱ्याला 'एक वर्ष' दिसत नाही.

आता दुसऱ्या पंथाच्या 'तेल नासतं का' या प्रश्नाचं उत्तर. हो, नासतं. इंजिनात तेल नुसतं वंगण म्हणून नसतं. ते आतली उष्णता वाहून नेतं, काजळी धुऊन आपल्यात धरून ठेवतं, आणि गंज व आम्ल यांच्यापासून धातू सांभाळतं. या कामांसाठी त्यात वेगवेगळी रसायनं मिसळलेली असतात आणि ती वापरता वापरता संपत जातात. गाडी घर ते मंडई आणि मंडई ते घर अशी तीन-चार किलोमीटरच फिरत असेल, तर तेल पुरतं तापतच नाही. इंधन जळताना तयार झालेलं पाणी आणि न जळलेलं थोडं पेट्रोल तेलातच राहतं. लांबच्या प्रवासात हेच पाणी उडून जातं. म्हणजे सातारा ते पुणे सलग गेलेली गाडी तेलाला जितका त्रास देते, त्याहून किलोमीटरमागे जास्त त्रास आमची मंडईची गाडी देते. म्हणून, काका-मामा मंडळी, कमी चालणाऱ्या गाडीलासुद्धा वर्षाला एकदा ताजं तेल द्यायचं. यात कंजुषी नको.

आता पहिल्या पंथाकडे वळते. त्यांचा लाडका पुरावा म्हणजे, "बघा, तेल काळं पडलंय!" अहो, ते काळं पडायलाच हवं! काजळी इंजिनाच्या भागांवर बसू न देता आपल्यात धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. फरशी पुसलेलं फडकं मळलं म्हणून फडक्याला नावं ठेवतो का आपण? डिझेल गाडीचं नवं तेल तर काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं. रंगावरून तेलाचं आयुष्य ओळखता येत नाही.

दुसरा पुरावा, "आपल्याकडची धूळ, आपलं ट्रॅफिक..." या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. पण त्याचंही उत्तर पुस्तिकेतच असतं. बहुतेक पुस्तिकांत खडतर वापराचा वेगळा तक्ता दिलेला असतो. सतत धुळीचे रस्ते, सतत छोट्या फेऱ्या, तासन् तास सुरू ठेवलेलं इंजिन, घाट, ओढायची ट्रॉली... यातलं आपल्याला काय लागू पडतं ते प्रामाणिकपणे बघायचं आणि त्या तक्त्यातला आकडा धरायचा. खाणीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने पाच हजाराला तेल बदललं तर मी त्याला शाबासकी देईन. पण रोज हायवेने ऑफिसला जाणाऱ्या भाच्याने त्याच्या जिवावर पाच हजारी मिरवू नये!

बीएस-६ डिझेलवाल्यांसाठी एक वेगळा इशारा. या गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ करण्यासाठी गाडी मधूनमधून जास्तीचं डिझेल सोडते आणि गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत त्यातलं थोडं तेलात उतरतं. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसली तर 'वा, तेल कमी झालं नाही' म्हणून खूश होऊ नका. तेल पातळ झालेलं असतं, ते लगेच दाखवून घ्या.

आता माझ्या रागाचं खरं कारण. मागे मी एका सर्व्हिस सेंटरमध्ये (नाव कशाला हवंय!) काउंटरवर विचारलं, "पुस्तिकेत दहा हजार लिहिलंय, तुम्ही चिकटवलेल्या स्टिकरवर पाच हजार कसं?" तिथला मुलगा हसून म्हणाला, "आजी, ते पुस्तकातलं असतं, प्रॅक्टिकल वेगळं असतं." वर इंजिन फ्लश आणि कसलंसं ट्रीटमेंटही बिलात घातलं होतं, तेही पुस्तिकेत कुठेच नाही. मी ते काढायला लावलं. पण माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी निमूटपणे सही केली. मला वाईट वाटलं ते याचं. पैशाचं म्हणाल तर ते जातात नि येतात. पण गाडी बनवणाऱ्याने स्पष्ट शब्दांत लिहून दिलेलं असताना एखाद्या बाईने 'का' एवढंसुद्धा विचारू नये? आणि विचारलं तर तिला 'आजी' म्हणून गप्प बसवावं?

आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. माझी पुतणी कॅलिफोर्नियात असते. तिकडे दर तीन हजार मैलांना तेल बदलायची सवय इतकी रुजली होती, की २०११ च्या सुमाराला त्या राज्याच्या कचरा-पुनर्वापर खात्याला लोकांना सांगावं लागलं, बाबांनो, आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघा! सरकारला यात पडायचं कारणही समजून घ्या. वापरलेलं तेल हा विषारी कचरा आहे. आपल्याकडेही २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवरही टाकली आहे. आता साधं गणित. वर्षाला दहा हजार किलोमीटर, एका वेळी साडेतीन लिटर. दहा हजारी माणूस दहा वर्षांत पस्तीस लिटर वापरतो, पंचहजारी सत्तर. म्हणजे पस्तीस लिटर चांगलं तेल आयुष्य अर्धं राहिलेलं असतानाच काढून टाकलं. गॅरेजवाल्याने ते गटारात ओतलं तर कुणाच्या विहिरीत जातं?

गंमत म्हणजे, दर पाच हजाराला तेल बदलणाऱ्या भाच्याला मी विचारलं, "डिपस्टिक शेवटची कधी बघितलीस?" तर गप्प! अरे, जुन्या तेलावर इंजिन काही दिवस तग धरेल, तेलाशिवाय नाही धरणार. महिन्यातून एकदा गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं थांबा, पट्टी पुसून परत घालून बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. एवढंच. फुकट काम आहे, आणि साडी नेसूनसुद्धा करता येतं.

तेव्हा मंडळी, या रविवारी एक करा. पुस्तिका पिशवीतून बाहेर काढा. त्यात तीन गोष्टी शोधा. किलोमीटर, महिने आणि तेलाचा प्रकार (फाइव्ह-डब्ल्यू-थर्टी, झिरो-डब्ल्यू-ट्वेंटी असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यात मनाने बदल करायचा नाही). तिन्ही आकडे एका कागदावर लिहून कप्प्यात ठेवा. बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि पावतीही तिथेच ठेवा, वॉरंटीचा वाद झाला तर ती कामाला येते. पुढच्या वेळी काउंटरवर कुणी वेगळा आकडा सांगितला तर तो कागद पुढे करा आणि शांतपणे विचारा, "हे कुठे लिहिलंय ते दाखवता का?"

दाखवलं तर जरूर ऐका. नाही दाखवलं, तर सही करू नका.