नकार पचवायचा की नकाराचा जाब विचारायचा?



गेल्या पावसाळ्यात हिंगणघाटला मुलींचं एक शिबिर घेतलं. सगळ्या घरून काम करणाऱ्या. कुणी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका आणि दुकानांचे बोर्ड करून देते, कुणी कापडावरच्या छपाईसाठी नक्षी काढते, कुणी ब्लाउजवर आरी वर्क करते, तर कुणी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. एका सत्राचा विषय मीच ठरवला होता: 'नकार पचवायला शिकू या'. एमएसडब्ल्यूला जे शिकले ते सगळं ओतलं. नकार म्हणजे अपयश नव्हे. नकार कामाला असतो, माणसाला नसतो. आपल्या पाच जमेच्या बाजू कागदावर लिहा. मुलींनी निमूटपणे लिहिल्या.

चहाच्या वेळी एक जण जवळ आली. म्हणाली, "ताई, नकार देल्ला कोनं? त्याइनं तं उत्तरच नाही देल्लं. तीन डिझाइनं मागवले, मोबाइलवर पाह्यले, निळ्या खुणा आल्या. महिन्याभरानं त्याच्यातलंच एक दुकानाच्या बोर्डावर दिसलं. आता सांगा, याच्यात मी काय पचवू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर लाज वाटली. आपली चळवळ उभी राहिली तीच मुळी 'सहन कर बाई' या वाक्याला नाही म्हणून. नवऱ्याने मारलं तर सहन कर, सासूने उपाशी ठेवलं तर सहन कर, हे सांगणाऱ्यांशी आपण भांडलो. आणि आज मी, एक कार्यकर्ती, एका मुलीला नव्या शब्दांत तेच सांगत होते. 'सहन कर'च्या जागी 'पचव' आलं, एवढाच फरक.

नकाराचं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. रात्री जागून केलेलं काम परत आलं की पोटात कालवतं. त्यात घरचे म्हणतात, "झालं ना समाधान? आता पोळ्यांकडे बघ." पुरुषाचं काम नाकारलं गेलं तर घर म्हणतं, गिऱ्हाईक नालायक. बाईचं नाकारलं गेलं तर घर म्हणतं, हिचा छंद नालायक. कारण तिचं काम हे कामच मानलेलं नसतं. दाराशी रोज काढलेल्या रांगोळीखाली कुणी कधी सही केली आहे का? पुरुषाने काढली की कला, बाईने काढली की हौस. मग हौसेचे पैसे कसले, आणि हौसेला लेखी उत्तर तरी कशाला?

म्हणून आधी नकार ओळखायला शिकलं पाहिजे. माझ्या कामात मला त्याचे तीन प्रकार दिसले.

पहिला, काम कच्चं असतं म्हणून. अक्षरं वाचता येत नाहीत, रंग धुण्यात जातो, माप चुकतं. हा नकार रास्त आहे. त्यावर उपाय शिकण्याचा. पण शिकायला कारण कळावं लागतं, आणि कारण कुणी सांगतच नाही.

दुसरा, काम चांगलं असतं पण त्यांना हवं ते नसतं. यात कुणाचाच दोष नाही. तेच काम दुसऱ्या दारी चालेल.

तिसरा नकार कामाला नसतोच. तो बाईला असतो, जातीला असतो, गावाला असतो. "समुद्रपूरची मुलगी काय लोगो करणार?" "लग्न झालं की सोडून देईल." "भावाला पाठवा, त्याच्याशी बोलतो." हा नकार पचवायचा नसतो. त्याविरुद्ध उभं राहायचं असतं. आणि बाई एकटी असेल तर हे तीन नकार तिला वेगळे ओळखूच येत नाहीत. तिला सगळेच एकसारखे ऐकू येतात: 'तू नालायक आहेस.'

एकटीचं काय होतं हे आपल्या विदर्भाने पाहिलं आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यानंतर वर्तमानपत्रांत बायकांच्या नावाने जी ओरड चालली होती, तिला ताराबाईंनी सडेतोड उत्तर दिलं. पुण्यात पुस्तक छापलं गेलं आणि त्यावर टीका झाली, हेटाळणी झाली. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. पुढे स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रसिद्ध केलं. मधे जवळजवळ शंभर वर्षं गेली. आज आपण त्यांचं नाव अभिमानाने घेतो. पण पाठीशी दहा बायका उभ्या असत्या तर? एका बाईची लेखणी थांबली हे तिच्या मनाच्या दुबळेपणाचं लक्षण म्हणायचं, की भोवतीच्या समाजाच्या?

दुसरं उदाहरण आपल्या दाराशीच आहे. सेवाग्रामच्या बापू कुटीत भिंतीवर मातीच्या उठावात ताडाची झाडं आहेत, चरखा आहे. ते काम मीराबेनचं. रोज माणसं येतात, हात जोडतात, फोटो काढतात. हे कुणी केलं, असं विचारणारे किती? कामाचं कौतुक होतं आणि करणारीचं नाव पुसलं जातं, हाही एक नकारच आहे.

आता कायद्याचं. आपल्या मुलींना पाच जमेच्या बाजू लिहायला लावण्याआधी हे सांगायला हवं होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढणारी, मांडणी करणारी स्वतंत्रपणे काम करत असेल तर साधारणपणे ती त्या कामाची पहिली मालक असते. त्यासाठी नोंदणीची अट नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेलं चित्र किंवा फोटो याला वेगळा नियम आहे, म्हणून तिथे हक्काचं आधीच लिहून घ्यावं. पण नमुना म्हणून फुकट मागवलेलं, नाकारलेलं आणि तरीही वापरलेलं डिझाइन ही सरळ चोरी आहे. कापडावर छापायच्या नक्षीबाबत मात्र सावध राहा. २००० च्या डिझाइन कायद्याखाली ती नोंदवली नसेल, तर पन्नासपेक्षा जास्त नग निघाले की कॉपीराइटचा हक्क संपतो.

आणखी एक. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा फक्त कारखान्यांसाठी नाही. घरी बसून डिझाइन करणारी बाईसुद्धा 'उद्यम' नोंदणी करू शकते, आणि ती मोफत आहे. नोंदणी असेल तर ऑर्डरप्रमाणे दिलेल्या कामावर गिऱ्हाइकाने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ते काम स्वीकारलं असं कायदा धरतो. पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. म्हणजे गप्प बसणं हा नकार नव्हे, कायद्याच्या नजरेत तो होकार आहे! हे त्या मुलीला कुणी सांगितलं होतं? मीही नाही.

जगात इतरत्रही बायकामाणसांनी हे मागून मिळवलं आहे. 'सेवा'सारख्या संघटनांच्या रेट्यामुळे १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरून काम करणाऱ्यांसाठी करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून ८०० डॉलर आणि त्यावरच्या सुट्या कामाला लेखी करार सक्तीचा आहे. तिथल्या कारागिरांनी आधी मन घट्ट केलं आणि मग कायदा आला, असं झालेलं नाही. त्यांनी संघटना केली.

काही जणी विचारतील, "मग काय, वाईट कामही घ्यायचं का?" मुळीच नाही. नकार देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. आपल्यालाही नकोशा कामाला नाही म्हणता आलं पाहिजे. मागणं एवढंच आहे की नकार नकारासारखा द्या. वेळेत द्या, कारणासह द्या, आणि जे नाकारलं ते वापरू नका.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. हा लेख दुकानदारांविरुद्ध आहे असं वाटत असेल तर थांबा. ८ मार्चचं पोस्टर आपण कुणाकडून करून घेतो? तीन मुलींना फोन करतो. "चळवळीचं काम आहे गं, पैशांचं काय ते नंतर बघू." तिघी करून पाठवतात. बैठकीत एक निवडतो. उरलेल्या दोघींना कुणी कळवत नाही. निवडलेलीचं नाव पोस्टरवर नसतं. तंबूवाल्याचं बिल देतो, चहावाल्याचं देतो, छापखान्याचं तर आगाऊ देतो. बिल नसतं ते फक्त त्या मुलीचं. बायकांचे श्रम अदृश्य असतात यावर आपण परिसंवाद घेतो, आणि त्याच परिसंवादाचं पत्रक फुकटात करून घेतो. मीही केलं आहे. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

म्हणून सुरुवात आपल्या घरापासून करू या. प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत एवढं ठरवावं: नमुना मागवला तर त्याचे पैसे द्यायचे, थोडे का होईना. १५ दिवसांत उत्तर द्यायचं. नकार असेल तर कारण दोन ओळींत लिहून द्यायचं. नाकारलेलं काम वापरायचं नाही. वापरलेल्या कामावर करणारीचं नाव छापायचं.

आणि मुलींसाठी, महिन्यातून एकदा एकत्र बसायचं. परत आलेली कामं भिंतीवर लावायची. कोणता नकार कोणत्या प्रकारचा, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. कच्चं असेल तिथे शिकवायचं. दुसऱ्या दारी चालेल तिथे ते दार शोधायचं. आणि तिसऱ्या प्रकारचा असेल तिथे पाच जणींनी मिळून त्या दुकानात जायचं.

हिंगणघाटची ती मुलगी त्या दुकानात गेली होती, एकटीच. मालक म्हणाला, "असं डिझाइन कुणीही काढतं." ती परत आली. आता पुढच्या वेळी आम्ही सहा जणी जाणार आहोत. सोबत तिच्या मोबाइलवरचे तारखेनिशी संदेश असतील आणि एक लेखी बिल असेल. पैसे मिळतील की नाही ते बघू. पण या वेळी ती काही पचवणार नाही. जाब विचारणार आहे.